पिंपकाकांचं विरजण

बर्फासारख्या बिअरचा ग्लास हातात दिला, की पिंपकाका तो तोंडाला लावायचे नाहीत. दोन्ही तळव्यांत धरून बसायचे, घरट्यातून पडलेलं पाखराचं पिल्लू धरावं तसे. पार्टीतली बाकीची मंडळी दुसऱ्या-तिसऱ्या ग्लासावर पोचायची, एक-दोन नवराबायकोंची भांडणं होऊन मिटायची, कुणाचा तरी पोरगा कॉलेजात जाऊन पदवी घेऊन परत यायचा, आणि काका आपले ग्लास धरून बसलेले. मग कधीतरी एक घोट घ्यायचे आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणायचे, "आता कळलं. हिला चवच नाही. म्हणून गार करतात."

अमेरिकेतल्या आमच्या रेडमंडच्या मराठी मंडळींत त्यामुळे 'गरम बिअर पिणारे काका' अशी त्यांची ख्याती झाली. ती पसरवण्यात माझाही थोडा हात होता. प्लेनोच्या मेहुण्याला मी फोनवर सांगितलं, की काका बिअर कुकरला लावून तीन शिट्ट्या घेतात. मेहुण्यानं ते सांता क्लाराच्या मित्राला सांगितलं. महिन्याभरानं तीच बातमी फिरून माझ्याकडे आली तेव्हा शिट्ट्या पाच झाल्या होत्या आणि वरून जिऱ्याची फोडणी पडली होती. मी ती तशीच्या तशी काकांना ऐकवली. काका म्हणाले, "बरं."

काकांचं खरं नाव वसंतराव. मूळचे सांगलीकडचे, रसायनशास्त्रातले बी.एस्सी. पुढचं शिकायला म्हणून तरुणपणी इंग्लंडला गेले आणि ते शिक्षण वाटेतच कुठल्यातरी स्टेशनावर उतरून गेलं. एका आडगावातल्या लहानशा ब्रुअरीत पिंपं धुवायचं काम मिळालं. ते धरलं, आणि चढत चढत तिथले मुख्य ब्रुअर झाले. चढत चढत म्हणजे फार उंच नव्हे. ब्रुअरीत माणसंच इनमिन सहा. गाव असं, की माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आणि मेंढ्यांपेक्षा धुकं जास्त. आसपासच्या पबांत पिंपं पोचवायला घोडागाडी होती. तो घोडा एकटाच पबपर्यंत जायचा, भरलेलं पीप उतरवून घ्यायचा, रिकामं मागून घ्यायचा, आणि वाटेत पोलीस दिसला तर मुद्दाम सरळ रेषेत चालायचा. यातला घोडा काकांचा. सरळ रेष बहुधा माझी.

त्या ब्रुअरीत दोनच प्रकारच्या बिअर व्हायच्या, त्यांना ते लोक 'एल' म्हणतात. एक तांबूस, बारमाही. एक काळी, हिवाळ्यातली. ती गाळून, गॅस भरून बाटलीत कोंडत नाहीत. जिवंतच पिंपात भरतात, आणि पिंपात ती आंबत, मुरत राहते. पीप फोडलं की चार दिवसांत संपवायचं, नाहीतर नासतं. "बाटलीतली बिअर म्हणजे फोटो," काका सांगायचे. "पिंपातली म्हणजे माणूस." आम्ही संगणकवाले लोक माना डोलवून बाटलीतलीच प्यायचो. फोटो निदान फ्रीजमध्ये मावतो.

आम्हाला यीस्ट समजावताना काकांनी एकदा एक उपमा दिली, आणि पुढचं सगळं त्या उपमेनं केलं. आमच्या मंडळातल्या देशपांड्यांच्या डायनिंग टेबलाशी बसून सगळ्या बायामाणसांसमोर ते म्हणाले, "यीस्ट म्हणजे आपलं विरजण. या खेपेतलं थोडं काढायचं, पुढच्या खेपेला लावायचं. ब्रुअरीच्या मालकाच्या पणज्यानं जे लावलं, तेच आम्ही लावत होतो." सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. विरजण कोणाला कळत नाही? पुण्याहून, नागपुराहून अमेरिकेला आलेल्या मराठी माणसाची पहिली चिंता व्हिसाची आणि दुसरी विरजणाची. आमच्या गल्लीत कोणाचं दही बिघडलं की वाटी घेऊन शेजारी जायचं, ही पद्धत अजून चालू आहे.

काकांची लेक शर्वरी माझी शेजारीण. ती सांगायची, बाबा पूर्वी असे नव्हते. त्या गावच्या पबमध्ये टेबलावर उभे राहून पोवाडे म्हणायचे आणि समोरचे मेंढपाळ काही न कळता डोळे पुसायचे. मग एका मोठ्या कंपनीनं ती ब्रुअरी विकत घेतली, थोडे दिवस चालवल्यासारखी केली आणि बंद करून टाकली. आता तिथं फ्लॅट झाले आहेत. जिथं पिंपं ठेवायचे त्या तळघरात लोक सायकली ठेवतात. त्याच हिवाळ्यात काकू गेल्या. तेव्हापासून काका 'बरं' म्हणायला लागले. जेवण वाढलं, बरं. नातवंडानं चित्र काढलं, बरं. शर्वरीनं घर आवरून त्यांना कायमचं अमेरिकेला आणलं, बरं. चांगल्या बातमीचं 'बरं' आणि वाईट बातमीचं 'बरं' यांत मी कान लावून फरक शोधायचा प्रयत्न केला. कुत्र्याला ऐकू येणाऱ्या शिट्टीइतका बारीक असेल तर असेल.

ब्रुअरीचा शेवटचा दिवस काकांनी मला एकदाच सांगितला, तोही किराणा सांगावा तसा. म्हाताऱ्या मालकानं सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि सांगून टाकलं. दोघं रडले, एकानं भिंतीला लाथ मारली. काका 'राइट' म्हणाले, आत गेले, आणि उरलेली पिंपं धुवायला लागले.

"पुन्हा भरायचीच नव्हती तर धुतलीत कशाला?" मी विचारलं.

"खरकटी कशी ठेवायची?"

निघताना मालकानं त्यांच्या हातात यीस्टची एक बरणी दिली आणि म्हणाला, हे चालू ठेव. बस, एवढंच. पूर्वी डोंगरापलीकडच्या ब्रुअरीतही हेच यीस्ट ठेवायला दिलेलं असायचं. एकाचं बिघडलं की दुसऱ्याकडून आणायचं, वाटी घेऊन जावं तसं. पण ती ब्रुअरी यांच्या आधीच मिटली होती. म्हणजे जगात ते यीस्ट आता त्या एका बरणीत, आणि बरणी काकांच्या हातात.

अमेरिकेच्या विमानतळावर काकांनी ती रीतसर दाखवली. अधिकाऱ्यानं झाकण उघडून वास घेतला, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि हातानंच 'जा' म्हणाला. मी हा किस्सा सांगतो तेव्हा त्याची टोपी उडते आणि शेजारचा कुत्रा बेशुद्ध पडतो. पण झालं ते इतकंच.

यीस्टला पंधरा-वीस दिवसांतून एकदा काम लागतं, नाहीतर ते मरतं. म्हणून शर्वरीच्या गॅरेजमध्ये काकांनी संसार मांडला. इंग्लंडहून सामानाबरोबर आलेली तीन लहान पोटुशी पोलादी पिंपं, एक मोठं पातेलं, लाकडी हातोडा. रेडमंडची एकच गोष्ट त्यांना मनापासून पटली होती: तिथला ओला गारवा. वर्षातले आठ महिने आमचं गॅरेज म्हणजे आयतं तळघर. मी म्हटलं, "काका, मजा आहे तुमची, रिटायर होऊन घरची बिअर!" काका म्हणाले, "मला प्यायची नसते रे. त्याला जेवायला लागतं."

पीप आडवं निजवून, खाली पाचरी मारून ते दोन दिवस हलू द्यायचे नाहीत, गाळ तळाशी बसेपर्यंत. वरच्या भोकात एक मऊ लाकडाची खुंटी ठोकलेली असायची. तिच्या रंध्रांतून पीप श्वास घ्यायचं. काका तिथं कान लावायचे. मी गॅरेजमध्ये शिरलो, की मान न वळवता म्हणायचे, "आलास? हळू बोल. गाळ उठतो." माझ्या आवाजानं गाळ उठतो हे शास्त्रात बसतं की नाही, माहीत नाही. माझी बायको मात्र म्हणाली, "बसतं. माझा रोज उठतो."

एकदा, फक्त एकदा, मला नीट प्यायला मिळाली. नोव्हेंबरची दुपार, बाहेर तीच ती रेडमंडची रिपरिप. काकांनी तोटी उघडली, ग्लास तिरपा धरला आणि माझ्या हातात दिला. तांबूस, आणि इतकी स्वच्छ की पलीकडच्या लॉनमोवरवरची अक्षरं वाचता यावीत. आधी भाजलेल्या पावाच्या कडेसारखी, मग संत्र्याच्या सालीसारखी कडसर, आणि सगळं गिळून झाल्यावर जिभेच्या मागे काहीतरी थोडंसं राहिलं, ओल्या दगडाला वास असतो तसं. मी सवयीनं काहीतरी जोरदार बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"काय?" काका म्हणाले.

"काही नाही. छान आहे."

"हं. मागे राहतं ना, ते यीस्टचं. बाकी सगळं दुकानात मिळतं."

बाकीच्यांना ती कधी धड मिळालीच नाही. देशपांडे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, मनानं मोठे आणि त्याहून मोठ्या गाडीचे मालक. त्यांच्या नव्या घराच्या पार्टीला काकांनी एक पीप द्यायचं कबूल केलं आणि अट घातली, की दोन दिवस आधी न्या आणि एका जागी निजवून ठेवा. देशपांड्यांनी ते पार्टीच्या दिवशी दुपारी नेलं. हायवेवरून, तीन वळणं आणि एक इमर्जन्सी ब्रेक मारून. वर पाहुण्यांची सोय म्हणून उभं करून बर्फाच्या टबात ठेवलं. संध्याकाळी तोटीतून जे आलं त्याला आमटी म्हणायला हरकत नव्हती. कुणीतरी खरंच विचारलं, "भात आहे का यार सोबत?" काकांनी प्रत्येकाला ग्लास नीट तिरपा धरून, फेस राखून, भरून दिला. जणू ती स्वच्छच होती.

त्याच पार्टीत कुणीतरी देशपांड्यांना सांगितलं, की एल स्वच्छ व्हावी म्हणून पिंपात माशाच्या पोटातलं काहीतरी घालतात. शुद्ध शाकाहारी देशपांड्यांचा तोवर तिसरा ग्लास चालू होता. ते पांढरेफटक पडले.

"वसंतराव, खरं सांगा. मी मासा प्यालो?"

"मासा तळाशी बसतो," काका शांतपणे म्हणाले. "पण तुम्ही पीप हलवलंत. आता मी काही सांगू शकत नाही."

मी इतका हसलो की माझा ग्लास त्यांच्या नव्या गालिच्यावर गेला. काका हसले नाहीत. ते विनोद करतच नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी बायपास सांगितली. मग काही आठवडे इस्पितळ, त्यानंतर पुनर्वसन केंद्र. काकांनी 'बरं' म्हटलं आणि एकच प्रश्न विचारला, की मध्ये घरी येता येईल का. नाही म्हटल्यावर मात्र मी त्यांना पहिल्यांदा घाई करताना पाहिलं. त्यांनी यीस्टचे पाच भाग केले. एक आपल्या गॅरेजच्या फ्रीजमध्ये ठेवला आणि चार काचेच्या बरण्या चार घरी वाटल्या. विरजणच ते, शेजारी ठेवायचं असतं. प्रत्येक घरी उभं राहून सांगितलं: गार ठेवा पण गोठवू नका, झाकण सैल ठेवा, पंधरा दिवसांनी मी दिलेलं माल्टचं, म्हणजे मोडाच्या सातूचं, पाणी पाजा, दुसरं काही घालू नका. आणि शेवटी, जोडे घालता घालता: "मी परत आलो तर मागायला येईन. नाही आलो तर जगवा."

"मला एक द्या ना," मी म्हटलं. गाडी मीच चालवत होतो.

"नको. तू बोलतोस फार. त्याला शांतता लागते."

काका परत आले, पण त्यांचं गॅरेजमधलं यीस्ट टिकलं नव्हतं. ते इस्पितळात असताना वादळानं झाडं पडून आमच्याकडची वीज काही दिवस गेली होती, आणि शर्वरी रात्रंदिवस बापाच्या उशाशी. फ्रीजकडे कोण बघणार? काकांनी बरणी उघडली. वास मांसाच्या रश्शासारखा येत होता. शर्वरी रडायलाच लागली. "बाबा, सॉरी... मला लक्षातच नाही आलं..." काका म्हणाले, "तुझी चूक नाही. उपाशी ठेवलं, की ते स्वतःलाच खातं." आणि मला म्हणाले, "गाडी काढ."

त्या दुपारची फेरी मी नंतर कित्येक पार्ट्यांमध्ये रंगवून सांगितली आहे, आणि लोक पोट धरून हसले आहेत. पहिलं घर देशपांड्यांचं. देशपांडे अभिमानानं त्यांना बेसमेंटमधल्या डीप फ्रीझरपाशी घेऊन गेले. 'गार ठेवा' सांगितलं होतं ना, मग आपण काय कमी गार ठेवतो! बरणी दगड झाली होती आणि तळाला तडकली होती. दुसरं घर कुलकर्ण्यांचं. कुलकर्णीबाईंना कुठलंही झाकण सैल बघवत नाही. त्यांनी ते घट्ट लावलं, आणि एका पहाटे बरणी अशी फुटली, की झाकण छतात रुतलं, कुलकर्णी पलंगाखाली शिरले आणि समोरच्या घरातल्या गोऱ्या म्हातारीनं पोलिसांना फोन केला. झाकण खरोखर छतात रुतलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. बाकीचं तुमच्या मर्जीवर. तिसरा अमेय, नागपूरचा, एकटाच राहणारा. त्याच्या रूममेटनं फ्रीज साफ करताना "डूड, काहीतरी मेलंय यात" म्हणून ते टाकून दिलं होतं. अमेयला तोंड वर करवेना. "काका, मी बोललो होतो त्याला... सॉरी काका..."

प्रत्येक दारात काका 'बरं' म्हणत होते. गाडीत बसले की पट्टा लावायचे आणि समोर बघायचे. मी तोंड बंद ठेवू शकत नाही म्हणून सारखा बोलत होतो. वादळाबद्दल, ट्रॅफिकबद्दल, मेहुण्याच्या नव्या गाडीबद्दल. एका सिग्नलला ते म्हणाले, "बोल तू. बरं वाटतं."

राहिलं एक घर, लीलामावशींचं. लीलामावशी म्हणजे नागपूरच्या; मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या. गुडघे धरलेले, इंग्रजी येत नाही, पण त्यांच्या दह्यावर अर्धं रेडमंड पोसलेलं. आम्ही दारात पोचलो तोच आतून आवाज आला, "या जी, या! काहून इतका उशीर? मी तर कधीची वाट पाहून राहिले!" आणि त्यांनी फ्रीजमधून बरणी काढून काकांच्या समोर ठेवली. वर स्वच्छ रुमाल बांधलेला. आत बुडबुडे येत होते. टुपटुप, भरपूर, आनंदात.

मी ओरडलोच. मी टाळ्या वाजवल्या. मी लीलामावशींच्या पाया पडलो आणि उठताना कोपरानं त्यांचा लोणच्याचा सट पाडता पाडता वाचवला. काकांनी रुमाल सोडला, बरणी नाकाशी नेली, आणि तशीच धरून ठेवली. मला वाटलं, आता हा माणूस रडणार. एवढ्या वर्षांनी तोटी उघडणार.

"मावशी," ते म्हणाले, "यात काही घातलं होतंत का?"

"हो ना जी!" लीलामावशींचा चेहरा फुलून आला. "मध्ये तर अगदीच मंद पडलं होतं. हालचाल नाही, बुडबुडा नाही. मला तर धसकाच बसला. तुम्ही तिकडे दवाखान्यात, आणि हे इकडे असं! म्हटलं, हे गेलं तर यांना काय सांगू? मग चमचाभर माझं विरजण सोडलं त्यात. आमच्या आईचं आहे जी, अमरावतीचं. दुसऱ्या दिवशी बघा, कसं उठून बसलं!"

बरणीत बुडबुडे येतच होते. यीस्ट मंद पडतं ते झोपतं म्हणून. गारव्यात ते झोपतंच. हे मला नंतर कळलं.

काकांनी रुमाल परत बांधला. गाठ नीट मारली. "तुम्ही जगवलंत, मावशी," ते म्हणाले. "बाकी सगळ्यांकडचं गेलं. तुमच्याकडे जगलं."

मावशींनी डोळ्यांना पदर लावला. आम्हाला दोघांना दहीभात खायला घालूनच सोडलं.

गाडीत बरणी त्यांच्या मांडीवर होती. मी आनंदात गाडी वीसच्या जागी चाळीसनं काढली. "काका, वाचलं की हो! अगदी थोडक्यात!"

"गेलं," काका म्हणाले.

"गेलं काय? टुपटुप करतंय!"

"दही शिरलं की निघत नाही. आता जे होईल ते आंबट होईल."

मी आम्हा संगणकवाल्यांना शोभेल असाच उपाय सुचवला. एखाद्या लॅबमध्ये देऊ, यीस्ट वेगळं काढून देतील, अमेयच्या ओळखीचं कुणीतरी आहे. काकांनी खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं. "ते एक नव्हतं रे," ते म्हणाले. "आठ-दहा जाती होत्या, एकत्र नांदत होत्या. गाव होतं ते. लॅबवाले फार तर एखादा माणूस शोधून देतील. गाव कसं देतील?"

त्यांनी ती बरणी टाकून द्यावी अशी माझी अपेक्षा होती. पण लीलामावशी दोन दिवसांआड शर्वरीला फोन करून विचारत होत्या, की केव्हा करणार, आता केव्हा करणार. काकांनी पातेलं चढवलं. छातीवर अजून टाके होते. ढवळायला मी होतो. पीप भरलं, निजवलं, खुंटी मारली. या वेळी त्यांनी खुंटीला कान लावला नाही.

सगळ्यांना गॅरेजमध्येच बोलावलं होतं, म्हणजे निदान पीप तरी हलायला नको. एल आली ती ढगाळ, पिवळसर. पहिला ग्लास काकांनी लीलामावशींना दिला. त्यांनी देवाच्या तीर्थासारखं बोट बुडवून जिभेला लावलं. दुसरा देशपांड्यांना. देशपांड्यांनी घोट घेतला, थांबले, परत घेतला.

"वसंतराव!" ते म्हणाले. "आजवरची बेस्ट! यार, हे कसलं भारी आहे! ताक, अगदी जिऱ्याच्या ताकासारखं, आणि वर किक!"

मग गर्दी झाली. अमेयनं तीन ग्लास घेतले. कुलकर्णी म्हणाले, एवढी वर्षं ही रेसिपी लपवून का ठेवली होतीत? कुणीतरी भज्यांची ऑर्डर दिली. कुणीतरी प्लेनोला व्हिडिओ कॉल लावून मेहुण्याला ग्लास दाखवला. काका तोटीपाशी स्टुलावर बसून ग्लास तिरपा धरून भरत होते, फेस राखत होते, पुढच्याला देत होते. इतकी वर्षं कोणीही न मागितलेली गोष्ट आता लोक रांग लावून मागत होते, आणि ती ती नव्हती. मी त्यांच्याकडे बघत होतो. राग, दुःख, निदान कंटाळा; काहीतरी दिसावं म्हणून. शर्वरीनं वाकून विचारलं, "बाबा, झालं ना मनासारखं?"

"सगळ्यांना आवडलं," काका म्हणाले.

लोक गेल्यावर त्यांनी पीप गरम पाण्यानं धुतलं, पुन्हा धुतलं, आणि उपडं ठेवलं. त्यानंतर त्यांनी एल केली नाही. मी दोन-तीनदा विषय काढला. ते म्हणाले, "कोणासाठी?" मी म्हटलं, "लोक मागतात की." ते म्हणाले, "लोकांसाठी कधी करत होतो?"

वसंत ऋतूत एका दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. शर्वरीनं कुंपणावरून हाक मारली, मी धावत गेलो. पुढचे दिवस काय काय केलं ते मला यादीसारखं आठवतं: फोन, फुलं, गुरुजींना आणायला जाणं, स्मशानगृहातल्या माणसाला नावाचं स्पेलिंग सांगणं. चार शब्द बोलायला मला उभं केलं, कारण मंडळात सगळ्यात बोलका मी. घोड्याची गोष्ट सांगायची असं मी ठरवून गेलो होतो. उभा राहिलो आणि घोडा काही केल्या आत येईना. दाढ काढताना गालाला इंजेक्शन देतात, मग आपलाच गाल आपण दुसऱ्याचा असल्यासारखा चाचपतो. तसा मी उभा होतो. "ते पिंपं धुवून ठेवायचे," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मला भरून आलं. तसंही काही झालं नव्हतं.

आता पिंपं माझ्या गॅरेजमध्ये आहेत. शर्वरीला ती टाकवेनात आणि बघवेनात. देशपांड्यांनी आग्रह धरला, की काकांची परंपरा मंडळानं बंद पडू द्यायची नाही, म्हणून दर दोन महिन्यांनी मी एल करतो. दोन दिवस पीप हलू देत नाही. ग्लास तिरपा धरतो. बरणी आता पुन्हा लीलामावशींकडे असते. त्या तिला खाऊपिऊ घालतात आणि मधूनमधून, मंद वाटली की, चमचाभर विरजणही. लोक पहिला घोट घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "अगदी काकांची चव!" नवीन आलेली मुलं, ज्यांनी काकांना पाहिलंही नाही, तीही म्हणतात. सांता क्लाराहून आलेल्या एका जोडप्यानं बरणीतलं थोडं मागून नेलं. तिकडेही आता काकांची एल होते म्हणे.

ज्या माणसानं कुकरच्या शिट्ट्या सांगितल्या त्याच्यावर लोकांनी विश्वास ठेवला. पण ही चव काकांची नव्हे, ती भाजलेल्या पावाच्या कडेसारखी होती आणि गिळल्यावर मागे काहीतरी राहायचं, हे सांगायला गेलो तर हसतील. म्हणून सांगत नाही. सगळ्यांचे ग्लास भरून झाले की लीलामावशी काठी टेकत पिंपापाशी येतात, स्टुलावर बसतात आणि माझा हात धरून विचारतात, "जगलं ना जी त्यांचं?"

"जगलं, मावशी," मी म्हणतो.